खिडकीच्या मापाचं चित्र

गल्लीत सगळे तिला भिंगरी म्हणत. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचं तिचं काम, आणि अंगात एका जागी न टिकण्याची खोड. तेव्हा हे नाव कुणी ठेवलं, हे विचारायची गरजच नव्हती. ते आपसूक चिकटलं आणि पन्नाशी उलटली तरी निघालं नाही. जेवताना तिचा एक पाय हलत असायचा. रांगेत उभी राहिली की पुढच्याच्या खांद्यावरून मान काढून रांग किती सरकली ते बघत राहायची. दुकानाचे मालक म्हणायचे, "या बाईला बसायला खुर्ची दिली, तो खर्च पाण्यात गेला."

चाकापुढे बसली की मात्र वेगळीच. फिरतं चाक, त्यावर पाण्याची बारीक धार, चिमटीत काच, आणि भिंगरी दगडासारखी स्तब्ध. "दोघींपैकी एकीनंच फिरायचं, चाकानं नाहीतर मी," असं ती म्हणायची. तयार काच डोळ्यासमोर धरून ती जराशी हलवायची, पलीकडच्या भिंतीवरची रेघ कुठल्या बाजूला सरकते ते बघायची आणि यंत्राला लावायच्या आधीच नंबर सांगून मोकळी व्हायची. मालकांनी पैजा लावून पाहिल्या. हरून हरून त्यांनी पैजा सोडल्या. गल्लीतल्या निम्म्याअधिक नाकांवर तिच्या हातच्या काचा होत्या.

घरी ती आणि तिची थोरली बहीण, दोघीच. दोघींची लग्नं का झाली नाहीत, याच्या कहाण्या दोघींपेक्षा गल्लीलाच जास्त ठाऊक होत्या. ताई काजं करायची. शिंप्यांकडून शिवलेल्या सदऱ्यांचे गठ्ठे यायचे, ताई त्यांना काजं करून बटणं लावून द्यायची. साठी ओलांडली तरी सुईत दोरा बिनचष्म्याचा ओवायची, तोही पहिल्या फटक्यात. भिंगरीला त्याचा कोण अभिमान. दुकानात कुणी चाळिशीतच चष्मा लागला म्हणून कुरकुरलं, की ती मागच्या खोलीतून ओरडायची, "माझ्या ताईकडे बघा जरा. काचा घासणाऱ्याच्या घरात काच नाही."

मग ताई जिन्यात पडली. कंबर सावरली, पाय सावरले नाहीत. तेव्हापासून खिडकीसमोरच्या भिंतीला लावलेला पलंग आणि पलंगावर ताई. खोली लहान, खिडकी मोठी. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खिडकीतून समोरची बैठी घरं ओलांडून पलीकडच्या रस्त्यापर्यंत सगळं उघडं. झाडांचा एक पट्टा, धुराडं, कपड्यांच्या दोऱ्या, आणि बरोब्बर समोर एका इमारतीची गच्ची. भिंगरीला खिडकीशी उभं राहायला कधी सवड होती? तिला खिडकी ठाऊक होती ती ताईच्या तोंडूनच. संध्याकाळी ती घरात शिरली की चप्पल काढायच्या आधी ताई सांगायला लागायची.

"आज लालवाली दुपारभर उभी होती गं. एवढ्या उन्हात."

"कोण लालवाली?"

"गच्चीवरची. किती वेळा सांगितलं तुला. कायम लाल कपड्यात. कुणाची तरी वाट बघत असणार. वारा सुटला की कशी वाकते, परत उभी राहते. हाडाची काटक असणार."

"कामधंदा नाही का तिला?"

"तुझ्यासारखी नाही ती. टिकते एका जागी."

असं रोज चालायचं. लालवालीची आज तब्येत बरी दिसत नाही, लालवाली आज खुशीत आहे, पावसात भिजतेय आणि आत जायचं नाव नाही. भिंगरी एक कान तिकडे देऊन भांडी उरकायची. तिला एवढं कळत होतं की ताईचे दिवस बरे जातायत, आणि ते बरे जाण्यात त्या परक्या बाईचा हात आहे.

समोरची बैठी घरं पाडली गेली तेव्हा ताईला मौज वाटली. चार दिवस धूळ, मग उजेडच उजेड. पण त्या जागी खांब उभे राहिले, खांबांवर मजला, मजल्यावर मजला, आणि एक दिवस भिंगरी घरी आली तर खिडकीबाहेर हात लांबवला तर टेकेल इतक्या जवळ विटांची कोरी भिंत. सिमेंट अजून ओलं होतं. ताई तोंड दुसरीकडे करून पडली होती.

"दिवा लावू?" भिंगरीनं विचारलं.

"लाव नाहीतर नको लावूस. काय बघायचंय?"

त्यानंतर ताई त्या कुशीवरून या कुशीवर आलीच नाही. काजांचा गठ्ठा तसाच पडून राहिला. शिंप्याचा निरोप आला, मग शिंपी स्वतः आला, आणि सदरे उचलून घेऊन गेला. जेवण निम्मं ताटात राहायला लागलं. सगळ्यात वाईट म्हणजे ताई बोलेनाशी झाली. दिवसातून काही वेळा फक्त "किती वाजले?" एवढंच विचारायची. दारावर हे एवढं घड्याळ होतं, पण ताईची ही जुनीच सवय. भिंगरी वेळ सांगायची आणि खोलीत येरझाऱ्या घालायची. तिला घरात चैन पडेना आणि दुकानातही. एकदा चाकापुढे बसल्या बसल्या तिचा हात हलला आणि काचेचा टवका उडाला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मालकांनी पुढून विचारलं, "काय फुटलं?" भिंगरी म्हणाली, "माझं डोकं."

त्याच सुमाराला चित्रकारीण दुकानात आली.

ही बाई जुनं गिऱ्हाईक. चाळिशीतली, केस पेन्सिल खोचून बांधलेले, बोटांच्या पेरांत कायम रंग. तिचं तंत्र वेगळं होतं. वाचायचा चष्मा तिला जवळ पडायचा आणि लांबचा लांब. तिला हवी होती चित्रफळीपर्यंतची काच. भिंगरीनं तिचा हात सरळ करून खांद्यापासून कुंचल्याच्या टोकापर्यंत फूटपट्टी लावली होती आणि त्या अंतराची काच घासून दिली होती. तेव्हापासून चित्रकारीण मालकांना ओलांडून थेट मागच्या खोलीत यायची.

त्या दिवशी ती फ्रेमचा स्क्रू कसायला आली होती. भिंगरीनं स्क्रू कसला, चष्मा हातात दिला आणि एका दमात म्हणाली, "तुम्ही खिडकी काढून द्याल का?"

"खिडकी काढायला सुतार लागेल, मावशी."

"अहो, चित्र. खिडकीतून दिसतं त्याचं. खिडकीच्या मापाचं. प्लायवर काढा, मी ते चौकटीत बसवून टाकीन. वरची झडप हवेला मोकळी ठेवीन." मग तिनं ताईचं, भिंतीचं, गच्चीचं सगळं सांगितलं. सांगताना ती त्या एवढ्याशा खोलीत तीनदा उठली आणि तीनदा बसली.

चित्रकारिणीनं ऐकून घेतलं. "त्यांना भेटते मी," ती म्हणाली. "त्यांना काय दिसायचं ते त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं."

"छे. तिला कळू द्यायचं नाही. एकदम समोर न्यायचं. आणि मी आहे की सांगायला."

"तुम्ही बघत होता खिडकीतून?"

"बघायला काय पाहिजे? सगळं जागच्या जागी आहे. मध्ये भिंत आली एवढंच."

"बरं. मग हे सांगा, चित्र कुठून बघणार? चित्रालाही अंतर असतं, तुमच्या काचेसारखं. लांबून बघायचं असेल तर मी मोकळ्या हातानं काढीन. जवळ गेलं की नुसते रंगाचे ठिपके दिसतील."

भिंगरीला हे बोलणं मुळीच रुचलं नाही. धूसर म्हणजे चूक, एवढं एकच तत्त्व तिनं आयुष्यभर पाळलं होतं. "ठिपके नकोत," ती म्हणाली. "जवळून बघा, लांबून बघा, पान न् पान दिसलं पाहिजे. फसवाफसवी नको."

"काम तुमचं, मर्जी तुमची," चित्रकारीण म्हणाली, आणि पैशाचं बोलणं तिथंच दोन वाक्यांत उरकलं.

आता ते दृश्य बघायचं कुठून? तर ज्या इमारतीनं खिडकी गिळली होती, तिच्याच पोटातून. तिसऱ्या मजल्यावर, त्या कोऱ्या भिंतीच्या पलीकडे जाऊन उभं राहिलं की समोर तीच गच्ची, थोडी जवळून. बांधकामाच्या राखणदाराच्या नाकावर भिंगरीनंच घासलेल्या काचा होत्या, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. "साहेब आले तर मी तुम्हाला ओळखत नाही," तो म्हणाला. "आणि जिन्याला कठडा नाही. पडलात तर तेही मला माहीत नाही."

भिंगरी रोज दुकानात जायच्या आधी तिथं हजर. चित्रकारीण सिमेंटच्या पोत्यावर बसून कागदावर रेघा ओढायची आणि भिंगरी तिच्या मागून फेऱ्या मारायची.

"त्या धुराड्याला वर एक तडा आहे. दिसला का तुम्हाला?"

"दिसला."

"कपड्यांच्या दोरीला मध्येच गाठ आहे."

"मावशी, तुम्ही बसता का जरा?"

"बसलेय की," भिंगरी उभ्यानंच म्हणायची.

गच्चीवर पाण्याची टाकी होती. टाकीला लोखंडी शिडी. टाकीच्या डाव्या अंगाला उभ्या पाइपासकट एक बंद पडलेला पंप, त्याला लाल ताडपत्री गुंडाळून दोरीनं आवळलेली. एका कोपऱ्यात मोडकी खुर्ची. सगळं होतं, नव्हती ती फक्त लालवाली. एक सकाळ गेली, दुसरी गेली. भिंगरी डोळ्यांवर हात धरून बघत राहिली. वर कुणी चिटपाखरू येईना. दोरीवरचे कपडे काढायला एक म्हातारा आला आणि खाकरून गेला.

"गावाला गेली असेल," भिंगरी म्हणाली. ज्या बाईसाठी एवढा खटाटोप, तीच नसेल तर चित्र घेऊन काय करायचं? "पण ती पाहिजेच. बाकी एखादं पान कमी पडलं तरी चालेल."

"मग सांगा, दिसते कशी? उंच, बुटकी? चेहरा?"

त्या संध्याकाळी भिंगरीनं ताईजवळ बसून, आपल्याला काही पडलेलं नाही अशा सुरात विचारलं, "ती तुझी लालवाली कशी होती गं दिसायला?"

ताईनं बऱ्याच दिवसांनी मान वळवली. "उंच. सडसडीत. चेहरा कधी दिसला नाही, पाठमोरीच असायची. का?"

"काही नाही. दुकानात एक लाल कपड्यातली आली होती. म्हटलं तीच की काय."

"ती कशाला येईल तुझ्या दुकानात," ताई म्हणाली आणि परत भिंतीकडे वळली. पण जरा वेळानं भिंतीशीच बोलल्यासारखं म्हणाली, "तिकडं ती आहे की नाही, कुणास ठाऊक. मी दिसेनाशी झाले, तर तिला काय वाटलं असेल."

भिंगरी उठून स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली.

दुसऱ्या दिवशी तिनं चित्रकारिणीला वर्णन पोचवलं. चित्र आता घरी, म्हणजे चित्रकारिणीच्या माडीवर, प्लायवर उतरत होतं. भिंगरी तिथंही जाऊन पोचायची. रंग वाळला का म्हणून बोट लावायची. शिडीच्या पायऱ्या मोजायची. शेवटी चित्रकारिणीनं दार अर्धवट उघडून सांगितलं, "मावशी, मी तुमच्या चाकापाशी येऊन उभी राहते का? नाही ना? मग चित्र झालं की मी निरोप धाडीन. तोवर या जिन्याला पाय लावायचा नाही."

निरोप येईपर्यंतचे दिवस भिंगरीनं कसे काढले ते मालकांनाच विचारावं. त्यांनी तिला दोन वेळा सक्तीची सुट्टी दिली आणि दोन्ही वेळा ती तासाभरात परत आली.

चित्र मात्र झालं होतं फर्मास. भिंगरीनं जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, एकेक डोळा मिटून पाहिलं. धुराड्यावरचा तडा, दोरीतली गाठ, ताडपत्रीच्या घड्या, पानांच्या शिरासुद्धा. आणि टाकीच्या उजव्या अंगाला, पाठमोरी, उंच, सडसडीत, लाल कपड्यांतली बाई. वाऱ्यानं जराशी झुकलेली.

"घासूनपुसून लख्ख केलंत," भिंगरी म्हणाली. तिच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी आजवर कुणाला मिळाली नव्हती.

राखणदारानं आणि तिनं मिळून प्लाय घरी आणला. राखणदार दारातूनच परत फिरला. चौकटीत बसवायला पाचर, हातोडी सगळं तयार होतं, पण भिंगरीला तेवढा धीर कुठला. तिनं ताईला उशांच्या आधारानं बसवलं, आणि अख्खं चित्र उचलून सरळ तिच्या मांडीवर ठेवलं.

"बघ," ती म्हणाली. "तुझी खिडकी आणलीय."

ताई बघत राहिली. तिचा हात पांघरुणातून बाहेर आला, पानांवरून फिरला, टाकीवर आला. भिंगरी पलंगाच्या या टोकाला गेली, त्या टोकाला गेली.

"ओळखलंस ना?"

"हे झाडाचं... एवढी सुटी सुटी पानं असतात का त्याला?" ताई हळूच म्हणाली. "आणि ही शिडी कुठली? शिडी नव्हती तिथं."

"होती. मी मोजल्यात पायऱ्या."

"ही बाई कोण?"

"कोण म्हणजे? तुझी लालवाली."

"ही नव्हे." ताईनं मान हलवली. "ती इथं नसते. ती टाकीच्या डाव्या बाजूला असते. हे बघ, इथं..." आणि तिचं बोट सरकत सरकत गेलं ते ताडपत्रीवर जाऊन थांबलं. बोट दोरीवरून फिरलं. पाइपाच्या टोकावरून फिरलं. ताईनं बोट उचललं नाही.

"हे काय आहे, भिंगरे?"

"पंप. बंद पडलेला. लाल ताडपत्री गुंडाळ..." एवढं बोलून भिंगरीची जीभ जागेवरच थबकली.

मग ताई म्हणाली, "वारा सुटला की फुगत असेल ना ही?"

भिंगरी सावकाश मागे वळली. तिनं दाराकडे पाहिलं, दारावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "ताई," ती म्हणाली, "वर घड्याळ आहे त्यात किती वाजलेत?"

"मला काय विचारतेस? मीच विचारते ना तुला नेहमी."

आयुष्यभराचं सगळं एका ओळीत येऊन भिंगरीपुढे उभं राहिलं. बसथांब्यावर नंबर विचारणारी ताई. सगळ्यांना ती भित्री वाटायची. रस्त्यात ओळख न दाखवणारी ताई. सगळे तिला शिष्ट म्हणायचे. साठीनंतर बिनचष्म्याची सुई ओवणारी ताई. अहो, ज्याला लांबचं दिसत नाही त्यालाच या वयात सुई अशी ओवता येते. हे दुकानातल्या झाडूवाल्यालाही ठाऊक, आणि भिंगरी त्याचीच गावभर फुशारकी मारत फिरत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तिनं चित्र उचलून भिंतीला टेकवलं आणि तशीच दुकानात पळाली. काचांची पेटी, अक्षरांचा तक्ता, सगळं घेऊन आली. तक्ता दाराला लावला.

"वरचं अक्षर वाच."

"कुठं आहे अक्षर?"

"अगं, सगळ्यात वरचं. ताटाएवढं आहे."

"मला वाटलं तू टॉवेल लावलास तिथं," ताई म्हणाली.

मायनस साडेतीन निघाला, दोन्ही डोळ्यांना. भिंगरीनं त्याच दिवशी काचा घासल्या. चाकापुढेसुद्धा तिचा पाय हलत होता. मालकांनी पाहिलं आणि पैशाचा विषय काढला नाही.

चष्मा झाला, पण तो खिशातच राहिला. घरी जायचा तिला धीर होईना. ती चित्रकारिणीच्या माडीवर गेली, जिन्याला पाय लावू नका म्हटलं होतं तरी.

"पुसून टाका," ती दारातच म्हणाली. "ती ताडपत्री पुसा आणि त्या जागी बाई काढा. नाहीतर दोन्ही पुसा. मी तिला खिडकी द्यायला गेले आणि होती नव्हती ती माणसं काढून घेतली."

चित्रकारिणीनं तिला आत घेतलं, काय झालं ते सगळं ऐकलं. मग विचारलं, "तुम्ही चित्र दाखवलंत कुठं धरून?"

"मांडीवर. नाकाखाली."

"आणि खिडकी पलंगापासून किती लांब?"

भिंगरी पलंगापासून खिडकीपर्यंतची पावलं मनात मोजायला लागली. हे गणित तिचं स्वतःचं होतं, रोजचं होतं. मायनस साडेतीनच्या डोळ्याला फूटभर अंतरापर्यंतच काय ते नीट दिसणार. त्यापलीकडे सगळं सारखंच. खोलीपलीकडची खिडकी काय आणि रस्त्यापलीकडची गच्ची काय, त्या डोळ्यांना दोन्हीत फारसा फरक नाही.

"मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, कुठून बघणार," चित्रकारीण म्हणाली. आवाजात टोमणा होता, पण तिनं चहाचं भांडंही गॅसवर ठेवलं होतं. भिंगरी चहाला थांबली नाही.

घरी येऊन तिनं एक शब्द न बोलता प्लाय उचलला, चौकटीत बसवला, पाचरा ठोकल्या. हातोडीच्या आवाजानं ताई कुशीवर वळली.

"काय चालवलंयस? राहू दे ते. मला आता माहीत आहे काय आहे ते."

"माहीत असू दे," भिंगरी म्हणाली आणि बाजूला झाली.

ताईनं पाहिलं. पहिल्यांदा नुसतंच पाहिलं, मग कोपरावर टेकून जरा वर झाली. वरच्या झडपेतून हवा येत होती, दिव्याचा उजेड चित्रावर पडला होता. हिरवा एक पट्टा, राखाडी टाकी, पांढरे काही कपडे.

"हां," ती म्हणाली. "ही माझी." मग तिनं डोळे बारीक केले. "अगं, दोघी आहेत."

भिंगरीनं हातातली हातोडी खाली ठेवली.

"डावीकडं ती नेहमीची. आणि उजवीकडं एक नवी आलीय. तीही लालच." ताईच्या ओठाची कड हलली. "मी नव्हते तेवढ्यात हिनं सोबतीण गाठली."

"ताई, ती ताडपत्री..."

"कळलं गं. बहिरी नाही मी. ताडपत्री आहे, पंप आहे. आणि उजवीकडची तुझ्या चित्रकारिणीच्या डोक्यातून आलीय. मी इथून काय बघते ते मला बघू दे की."

भिंगरीनं खिशातून चष्मा काढला आणि पलंगावर ठेवला. तो तिथं पडून राहणं तिला सोसवेना, आणि घाल म्हणायची छातीही होईना. ताईनंच तो उचलला, उलटसुलट केला, नाकावर चढवला. खिडकीकडे पाहिलं नाही, भिंगरीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"भिंगरे, तुझे केस पांढरे झालेत की."

"कधीच झाले."

"बोलली नाहीस ते. आणि डोळ्यांखाली हे काय? झोपतेस की नाही?" तिनं दारावर नजर टाकली. "सात वाजायला आलेत. आणि घड्याळाच्या काचेवर ही एवढी धूळ. एवढी वर्षं मी म्हणत होते, घर कसं स्वच्छ ठेवते बाई माझी."

"काढ तो चष्मा," भिंगरी म्हणाली.

ताई हसली. बऱ्याच महिन्यांनी त्या खोलीत कुणी हसलं. तिनं चष्मा काढून उशीपाशी ठेवला, तोंड खिडकीकडे केलं आणि म्हणाली, "तो घरातल्यासाठी. तिकडं नको. आता बस जरा. सारखी उभी राहिलीस की माझी मान दुखते."

भिंगरी पलंगाच्या कडेला टेकली. काचांची पेटी अजून तिथंच उघडी होती. तिनं तीतून उलट्या नंबराची काच काढली, प्लस साडेतीन. तिच्या चांगल्या डोळ्यापुढे ही काच धरली की लांबचं जग ताईला दिसतं तसं दिसणार, एवढं तिला न घासताही कळत होतं. एक डोळा मिटून तिनं काच दुसऱ्यापुढे धरली.

तडा गेला. गाठ गेली, शिडी गेली. तिनं हट्टानं काढून घेतलेलं सगळं एका काचेनं पुसलं गेलं आणि उरल्या त्या गच्चीवर दोन लाल बायका, एक टाकीच्या या अंगाला, एक त्या.

तिचा पाय नेहमीसारखा हलत होता. पायानं पलंग हलत होता, पलंगानं हात, हातानं काच. आणि डावीकडची बाई सावकाश कमरेत वाकली, परत उभी राहिली.

"हलली," भिंगरी म्हणाली.

"मग?" ताई म्हणाली. "इतकी वर्षं काय सांगत होते तुला?"